लोडवर ट्रकचा पिकअप जातो म्हणजे पंपच गेला का? पंप आणि प्रेशर रेग्युलेटर नक्की काय काम करतात?

दादा, तुम्ही लिहिलंय की गाडी दहा चाकी बीएस-६ आहे, रिकामी मस्त पळते, लोड घेऊन चढण लागली की पिकअप जातो आणि चेक लाइट लागते, आणि मेस्त्री म्हणतोय हायप्रेशर पंप गेला, बदलून टाकू. मी काही मेस्त्री नाही, घरच्या दोन गाड्या आहेत आणि त्यापायी डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याच्या बाकड्यावर लय दिवस काढलेत, त्यावरून सांगतो. पंपाला एवढ्यात हात लावू देऊ नका.

पंप डिझेल फक्त ढकलतो. प्रेशर होतं ते त्या डिझेलची वाट पुढे कुणीतरी अडवल्यामुळं, आणि किती अडवायची हे ठरवणारा तो रेग्युलेटर. रिटर्नची, म्हणजे जास्तीचं डिझेल टाकीत परत जायची, वाट मोकळी राहिली तर नवाकोरा पंप पण डिझेल नुसतं टाकीत परत पाठवत बसणार.

हे मला कळलं ते आमच्या जुन्या गाडीवर, जिला तो मेकॅनिकल पंप होता, ज्याला लोक अजून मायको पंपच म्हणतात. खताचा लोड होता आणि पुण्याहून साताऱ्याकडं जाताना खंबाटकी चढेना, मागची सगळी लाइन हॉर्न मारतेय. एका वर्कशॉपमध्ये दोनदा पंप उतरवून बेंचवर लावला, कॅलिब्रेशन केलं, पैसे घेतले, गाडी तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या पंपवाल्यानं रिटर्न पाइपचा बॅन्जो बोल्ट, म्हणजे पाइप जोडायचा पोकळ बोल्ट, काढला, उजेडाकडं धरला आणि माझ्या हातात दिला. आरपार भोक! त्या जागी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, दिसायला सेम बॅन्जो बोल्टसारखाच पण आत गोळी आणि स्प्रिंग, पंपाच्या पोटात साधारण १ ते दीड बार प्रेशर धरून ठेवतो आणि जास्तीचं डिझेल, त्याच्याबरोबर एअर पण, टाकीकडं सोडतो. कुणीतरी मूळचा हरवला आणि साधा बोल्ट ठोकून दिला. रिकाम्या गाडीला तेवढं डिझेल पुरायचं, लोडवर प्लंजर, म्हणजे पंपातले डिझेल दाबणारे दांडे, अर्धपोटी राहायचे. किरकोळ पैशांची वस्तू हो!

आता तुमच्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) एकाच जाड नळीतून, रेलमधून, प्रेशरचं डिझेल मिळतं, तत्त्व तेच पण आकडे भयंकर. डिझेल टाकीतून सेपरेटरमध्ये, म्हणजे पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमध्ये (हॅंडपंप बहुतेक तिथंच असतो), तिथून हायप्रेशर पंपाच्या पाठीला लावलेला छोटा गिअरचा फीड पंप ते ओढतो, बारीक फिल्टरमधून ढकलतो, मग मीटरिंग युनिट, मग प्लंजर आणि मग रेल. तुमच्या मेस्त्रीच्या तोंडी रेग्युलेटर असेल तर तो बहुतेक हे मीटरिंग युनिटच. रेलवर सेन्सर असतो, त्याचं रीडिंग बघून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, या युनिटला करंट कमीजास्त करतो आणि प्लंजरला किती डिझेल मिळू द्यायचं ते ठरतं, म्हणजे हा वाट पुढं नाही, प्लंजरच्या आधीच अडवतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, रेलमध्ये ३०० ते ५०० बार, फुल लोडला १६०० आणि त्याच्या वर. ट्रकच्या टायरात हवा असते साडेसात बार, म्हणजे बघा. शिवाय रेलच्या टोकाला एक रिलीफ व्हॉल्व्ह, प्रेशर हद्दीबाहेर गेलं तरच उघडणारा. तो लीक असला तर प्रेशर टिकतच नाही, त्याचा रिटर्न पाइप सोडून बघा, आयडलला थेंब यायला नको.

पण माझा संशय अजून मागं आहे, टाकी ते फीड पंप या तुकड्यावर. इथं डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, त्यामुळं पाइपला चीर असली किंवा तांब्याचा वायसर दबलेला असला तरी बाहेर थेंब पडत नाही, उलट आत एअर घेते. सगळे म्हणतात कुठं गळत तर नाही, पाइप चांगलाय. गळणारच नाही ना! फीड पंपाच्या अलीकडं हातभर पारदर्शक पाइप टाकून गाडी रेस करा, बुडबुडे दिसले की चोर सापडला. सकाळी पहिला स्टार्ट लांबतो का ते पण सांगा, रात्रभरात डिझेल मागं उतरलं तर तसं होतं. टाकीच्या झाकणाचा ब्रीदर, म्हणजे हवा आत यायचं भोक, मातीनं बुजला तरी हेच, पिकअप गेला की झाकण सैल करून बघा, फुस्स आवाज आला आणि गाडीत जीव आला तर काम फुकटात झालं. आणि सेपरेटरचं पाणी कधी काढलं होतं?

त्यानंतर इंजेक्टरचा रिटर्न. प्रत्येकाचा पाइप वेगळ्या बाटलीत सोडायचा, एकाच बाटलीत इतरांपेक्षा भसाभसा डिझेल आलं तर रेलचं प्रेशर तिथून पळतंय, यात पंपाचा काय दोष.

एक मात्र करू नका, जुन्या गाडीसारखं इंजिन चालू असताना नोझलचा युनियन, म्हणजे पाइपचा नट, सैल करून कुठला सिलिंडर मिस आहे ते बघायचं. या प्रेशरची धार कातडी फोडून आत जाते, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो, लगेच ऑपरेशन लागतं.

मेस्त्रीला स्कॅनर लावून लोडवर, चढणीला, गाडी चालवायला लावा आणि ईसीएमनं मागितलेलं रेल प्रेशर आणि खरं मिळालेलं असे दोन्ही आकडे स्वतः बघा, आयडलवरचे नकोत, तिथं सगळं छानच दिसतं. वरचं सगळं ओके निघालं आणि तरी मिळालेला आकडा मागंच पडतोय, तेव्हा मीटरिंग युनिट काढून बघायला सांगा. आत चकचकीत धातूचा कीस दिसला तर पंप खरंच गेलाय, आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही, टाकी, पाइप, रेल सगळं धुवावं लागतं आणि इंजेक्टर पण टेस्टिंगला टाकावे लागतात, तो खर्च आधीच विचारून ठेवा.