मुलगा झोपेत दात खातो, ते माझ्यामुळे?

‘‘माझे वडील झोपेत दात खायचे, मीही खाते, आता मुलानंही सुरू केलंय. म्हणजे हे माझ्याकडूनच त्याच्याकडे गेलं ना?’’ हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो, की एका आईची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा. रात्री करकर आवाज आला की ही उठून बसायची आणि त्याचा जबडा हातानं सैल करू पाहायची. सकाळी त्याला काहीच आठवत नसे. दंतवैद्यांनी दात तपासून ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं होतं. तरी हिची झोप उडालेली.

खोटा दिलासा देणं मला पटत नाही. मी म्हटलं, ‘‘हो, यात आनुवंशिकतेचा वाटा आहे.’’ फिनलंडमध्ये जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांत तो बराच मोठा, साधारण निम्मा, दिसला आहे. पण हा आकडा मोठ्या समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, एखाद्या मुलाचं भविष्य सांगत नाही. ‘दात खाण्याचं’ असं एकच जनुक नसतं. पुढच्या पिढीकडे जातो तो फक्त कल. दात खाण्याआधी झोप क्षणभर हलकी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबडा आवळला जातो. ताण, तंबाखू, दारू, जास्त कॉफी, नैराश्यावरची काही औषधं यांनी त्यात भर पडते. लहान मुलांत तर हे मोठ्यांपेक्षा जास्त आढळतं आणि पुष्कळांचं वयाबरोबर आपोआप कमी होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे निम्मं माझंच.’’

अपराधीपणाला माहितीचं उत्तर पुरत नाही. अशा वेळी मी शरीराकडे वळते, आणि इतक्या वर्षांत या वाटेनं मला क्वचितच निराश केलं आहे. ती बोलत होती तेव्हा तिच्या कानाखालचा स्नायू गालातून टचकन वर येत होता.

‘‘आत्ता तुमचे दात कुठे आहेत?’’

ती गोंधळली. मी तिला बोटं गालावर ठेवायला सांगितली.

‘‘आवळलेत,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘कधीपासून?’’

‘‘...सकाळपासून असतील.’’

बराच वेळ तिची बोटं तिथंच होती. मग तिनं जबडा सोडला आणि तिचे खांदेही खाली आले. वडिलांकडून काय आलं, मुलाला काय दिलं, हे तिच्या हातात कधीच नव्हतं. दिवसा आवळलेले दात मात्र तिच्या हातात होते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल: दिवसातून अनेकदा एवढंच तपासायचं, असं ठरलं.

‘‘आणि रात्री आवाज आला तर?’’

‘‘कूस बदलून झोपा.’’

पुढे ती झोपू लागली. मुलगा अधूनमधून दात खातो अजून.

तुमच्या घरी असं असेल तर मुलाला ओरडू नका, हलवून उठवू नका. झोपायची वेळ ठरलेली ठेवा आणि त्याआधीचा तास शांत जाऊ द्या. मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा दिवसा पेंगत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. मोठ्यांचा सकाळी जबडा दुखत असेल, दात झिजत असतील, तर दंतवैद्य नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं आवरण, देतात. त्यानं दात वाचतात, दात खाणं थांबतंच असं नाही. मुलांचा जबडा वाढत असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ते आपल्या मनानं आणू नका.