बॅरलला कुठलं काडतूस मानवतं?

प्रश्न : ताई, माझी मुलगी १७ वर्षांची आहे, ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून रायफल नेमबाजी, खेळते. ६० फैरींत दशांश गुणांनी ६०५ च्या आसपास अडकली आहे. क्लबमधून एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर-५० आणि लापुआ सेंटर-एक्स या काडतुसांचा एकेक डबा मिळाला. तिने प्रत्येकाच्या पाच-पाच फैरी झाडून पाहिल्या. टेनेक्सचा ग्रुप, म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, १२ मिलिमीटर, आर-५० चा ९ आणि सेंटर-एक्सचा १४ आला. वर्षभरासाठी आर-५० च मागवू का? रक्कम मोठी आहे म्हणून विचारतो.
— एक पालक, कराड

उत्तर : पैसे अजून खिशातच असू द्या. तुम्ही तीन नावं कळवलीत, तीन ग्रुप कळवलेत, पण लॉट नंबर, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा आकडा, एकाही डब्याचा कळवला नाहीत. खरी माहिती त्यात असते.

तुमची मुलगी झाडते त्या पॉइंट टू-टूच्या (.२२ इंच बोअरच्या) काडतुसात दारू पेटवणारं मिश्रण बुडाच्या काठात, रिममध्ये, असतं. पुंगळी एकदा उडाली की ती पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरवाले, म्हणजे जाड गोळीच्या रायफली झाडणारे, गोळी वेगळी, दारू वेगळी निवडून आपल्या रायफलला जुळेल असं काडतूस घरी बनवतात. आपल्याला ती सोय नाही. गोळी सगळ्यांचीच ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम शिशाची. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की कारखान्यातून निघालेल्या लॉटपैकी आपल्या बॅरलला कुठला मानवतो ते शोधायचं. तुमच्या मुलीला जमलेला आर-५० आणि सहा महिन्यांनी आयात होऊन येणारा आर-५० यांचा डबा सारखाच दिसेल, पण आतला माल वेगळा असू शकतो.

हे मी ठेच लागून शिकले. कागदी टार्गेटचे दिवस होते, राज्य स्पर्धा होती. चाळिसाव्या फैरीला डबा संपला, मी पिशवीतून दुसरा काढला. कंपनी तीच, रंग तोच. पुढच्या सहा फैरींतल्या तीन नवाच्या रिंगेत, तिन्ही सात वाजताच्या कोपऱ्यात, म्हणजे खाली डावीकडे. मला वाटलं, डावं कोपर सरकलं. उठले, स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) सोडली, पुन्हा बांधली, आणि त्या गडबडीत आणखी एक घालवली. रात्री खोलीवर दोन्ही डबे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की लॉटचे शेवटचे दोन आकडे वेगळे होते. त्या दिवसापासून मी डब्यावर स्केच पेनने लॉट ठळक लिहून ठेवते. मुलं हसतात.

आता तुमच्या चाचणीबद्दल. मुलगी जॅकेट-स्लिंग घालून प्रोनमध्ये होती, असं मी धरून चालते. मग त्या पाच फैरींत काडतुसापेक्षा तिचा श्वास आणि तिची नाडीच जास्त मोजली गेली. शिवाय पाच फैरी फार थोड्या. त्याच काडतुसांच्या दहा फैरी झाडल्या तर ग्रुप सरासरी सव्वापट होतो, काडतूस जराही न बिघडता. पाच फैरींचा एकेकच ग्रुप घेतला तर ९, १२ आणि १४ हा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. उद्या हीच चाचणी पुन्हा घ्या, क्रम उलटा लागला तर मला नवल वाटणार नाही.

रायफल पुढे रेस्टवर, म्हणजे टेकूवर, मागे बटाखाली वाळूची पिशवी, अशी ठेवा. वारा पडलेला असतो ती सकाळची वेळ धरा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा फैरी हिशेबात धरू नका. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं, बॅरलमध्ये आधीच्याचा थर बसलेला असतो, तो जाऊन नवा बसायला तेवढ्या फैरी लागतात. मग दहा-दहाची चार टार्गेटं, आणि चारही एकावर एक ठेवून चाळीस फैरींचा एक ग्रुप मोजा. शेवटी पहिल्या लॉटचं एक टार्गेट पुन्हा मारा. ते आधीसारखं आलं नाही तर मधल्या वेळात वारा किंवा तुम्ही बदललात.

पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आणि गोळी ५.६ ची. रिंगला शिवली तरी दहा, म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत चालतं. म्हणून चाळिसांचा ग्रुप, केंद्र ते केंद्र, १६ च्या आत हवा. ६०५ म्हणजे फैरीला १०.०८, म्हणजे तिची गोळी मध्यापासून सरासरी ७ मिलिमीटरवर पडते. यातला काही वाटा काडतुसाचा असेल, पण बराचसा तिच्या पोझिशनचा आहे, आणि तो डबा बदलून जाणार नाही.

काडतुसं आपल्याकडे किराणासारखी मिळत नाहीत. परवाना, कोटा, आयात, मग वाट बघणं. म्हणून क्लबात नवा माल आला की वाटप होण्याआधी प्रत्येक लॉटचे काही डबे सगळ्यांनी मिळून झाडून बघा. तिच्या बॅरलला न मानवलेला लॉट शेजारच्या मुलाच्या बॅरलला मानवतो, हे मी कितीदा पाहिलंय. मधल्या प्रतीचा जुळलेला लॉट वरच्या प्रतीच्या न जुळलेल्या लॉटला मागे टाकतो, हेही. त्यामुळे तुमचा सेंटर-एक्स इतक्यात मोडीत काढू नका.

प्रश्न : आमच्या क्लबात ५० मीटरबरोबर १०० यार्डांवरही पॉइंट टू-टू खेळतात. पन्नासला सुरेख असलेल्या लॉटचा ग्रुप शंभरला उभा ताणला जातो. जास्त वेगाची काडतुसं घेऊ का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : नका घेऊ. उभा ताण पडतो तो फैरीफैरीतल्या वेगाच्या फरकाने. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला ३२५-३३० मीटरने निघते. दोन फैरींत १० मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर उंचीत ७-८ मिलिमीटरचा फरक दिसतो, शंभर यार्डांवर तोच पंचवीसच्या आसपास जातो. पन्नासला हा दोष ग्रुपमध्ये लपून राहतो. एलीच्या डब्यावर वेग छापलेला असतो, पण तो लॉटचा सरासरी वेग. तुम्हाला हवा आहे तो फैरीफैरीतला फरक, आणि तो क्रोनोग्राफवरच, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरच, कळेल. काही बॅरलांची कंपनं अशी जुळतात की सावकाश गोळी किंचित वर तोंड करून सुटते आणि फरक भरून निघतो. बॅरलच्या तोंडाशी ट्यूनर, म्हणजे कंपनं जुळवणारं वजन, लावणारे याच्याच मागे असतात. पण आधी लॉट शंभरवरच तपासा, पन्नासवरून अंदाज बांधू नका.

वेगवान काडतुसांचं म्हणाल, तर आवाजाचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर. त्याच्यापुढे गेलेली गोळी हवेच्या विरोधाने झपाट्याने मंदावते, आणि आडव्या वाऱ्यात किती सरकायचं ते या मंदावण्यावर ठरतं. म्हणून वेगवान गोळी वाऱ्यात उलट जास्त सरकते. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. तुमच्याकडच्या वाऱ्यात तर लगेच दिसेल.

प्रश्न : काडतुसं वजन करून, रिमची जाडी मोजून निवडली तर उपयोग होतो का?
— एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : एका हिवाळ्यात मी हजार काडतुसं मोजली. सोनाराच्या काट्यासारखा एक काटा आणि एक गेज घेऊन रोज रात्री जेवण झाल्यावर बसायचे. चांगल्या लॉटमध्ये ग्रुपला काही फरक पडला नाही. हाताळून हाताळून गोळ्यांवरचं वंगण मात्र पुसलं गेलं, त्यावर सतरंजीचे धागे चिकटले, आणि आईने काटा माळ्यावर टाकला.