जुना फोन बदलताना

प्रश्न : फोन पाच वर्षांचा, 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज. यूपीआय अडकतं, बॅटरी दुपारीच संपते. बॅटरी बदलू की 12 हजारांत नवा घेऊ? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नवाच घ्या. नव्या बॅटरीनं चार्जिंग टिकेल, पण अडकणं थांबणार नाही. 32 जीबीतली बरीचशी जागा सिस्टीम आणि व्हॉट्सॲपच खातात. 6 जीबी रॅम, 128 जीबी स्टोरेज बघा. खोक्यावरच्या ‘4+4’ला भुलू नका, त्यातली दुसरी चार जीबी रॅम नसून स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते. स्टोरेज ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) नको, यूएफएस (नवा, वेगवान प्रकार) हवं. ॲप उघडताना फरक लगेच कळतो. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, तेही विचारा. तुमच्या तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे रेंज कमी, म्हणून घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग (वायफायवरूनच फोन लावायची सोय) हवंच. दोन सिम वापरत असाल तर मेमरी कार्डाची जागा वेगळी आहे ना, ट्रे काढून पाहा.

व्हॉट्सॲप हलवताना दोन्ही फोन शेजारी ठेवून ‘ट्रान्सफर चॅट्स’चा क्यूआर स्कॅन करा. यूपीआय सुरू करताना बँकेला जोडलेलं सिम नव्या फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. रिचार्ज संपलेला असेल तर नोंदणी तिथेच अडते. जुना फोन विकण्याआधी गूगल खातं काढा, मगच रीसेट करा. नाहीतर घेणाऱ्याला तो तुमचाच पासवर्ड मागत बसेल.