घरात मराठी बोलू नका, असं शाळेनं सांगितलं तर?

"मॅडम, आम्ही घरात मराठी बोलतो, म्हणून याचं इंग्रजी कच्चं राहिलं का?" मुलांच्या भाषेच्या आणि वाचनाच्या अडचणी मी बघते, आणि इंदूरमधले मराठी आईवडील हा प्रश्न मला सतत विचारतात. इथल्या मुलाच्या वाट्याला तीन भाषा येतात: घरी मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी. एक कमी करायची म्हटलं की पाळी मराठीवर येते. हिंदीवाचून शहरात चालत नाही आणि इंग्रजीची फी भरलेली असते.

तिसरीतल्या एका मुलाची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याच्या डायरीत वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं की मुलगा प्रश्नांची उत्तरं देत नाही, घरी इंग्रजीत बोलत जा. आईवडिलांनी ते मनावर घेतलं. आजीलाही सांगितलं, "आई, त्याच्याशी मराठीत नका बोलू." काही महिने हे चाललं. मुलगा इंग्रजीत बोलायला लागला नाहीच, उलट घरातही गप्प राहायला लागला. तेव्हा मुलाची आई माझ्याकडे आली.

मी तिला विचारलं, "काल संध्याकाळपासून झोपेपर्यंत त्याच्याशी काय काय बोललात, आठवतंय तेवढं सांगा." ती आठवून सांगत गेली. सिट प्रॉपरली. फिनिश युअर मिल्क. व्हेअर इज युअर डायरी? नो टीव्ही. मध्येच ती थांबली, कारण सगळ्या आज्ञाच होत्या. इंग्रजीत तिला तेवढंच सहज येत होतं, आणि त्यात तिचा काहीच दोष नाही. पण मराठीत हीच आई त्याला पूर्वी पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यात काय काय असतं, आजोबा गिरणीत कसे जायचे, शेजारच्यांचं भांडण का झालं, हे सगळं सांगत होती. 'कारण', 'तरीसुद्धा', 'समजा', 'त्याआधी' असे शब्द मूल अशा गप्पांतूनच उचलतं, आणि पुढे धड्यातला युक्तिवाद कळायला तेच शब्द लागतात. त्या घरात इंग्रजी आलं नव्हतं, फक्त बोलणं आटलं होतं.

मग मुलाला बसवलं. पाण्यावरचा धडा त्यानं मोठ्यानं वाचला, अगदी अस्खलित. काय कळलं विचारल्यावर मान खाली. तोच मजकूर मी त्याला मराठीत सांगितला आणि विचारलं, कुकरच्या झाकणाला आतून पाणी कुठून येतं? तो म्हणाला, "वाफ वर जाऊन राहिली ना, मग झाकण थंड असतं तर तिचं वापस पाणी बनतं." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण वाफ, गारवा आणि परत पाणी ही साखळी पूर्ण होती. अशी सरमिसळ ऐकून पालक कासावीस होतात. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं हाताशी असेल तो शब्द घेतात. तो गोंधळ नव्हे, आणि भाषेचा आजार तर नव्हेच.

वाचनाबद्दल गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेली एक गोष्ट मी रोज वापरते. वाचून कळणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा कळणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. या मुलाला शब्द उलगडत होते, इंग्रजी भाषा कळत नव्हती. ऐकलेलं सगळं समजतं पण वाचताना अक्षरांशी झगडा होतो, अशा मुलाची डिस्लेक्सियाच्या दृष्टीनं तपासणी करावी लागते. आणि घरच्या भाषेतही लहानपणापासून मागे असलेल्या मुलाची आधी श्रवणचाचणी, मग स्पीच थेरपिस्ट; तिथे वाट पाहू नये. भाषेची खरी अडचण मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. एकट्या इंग्रजीत दिसली तर ती बहुधा सरावाची आणि शब्दसंपत्तीची असते.

वडिलांचा प्रश्न थेट होता. "ते ठीक आहे, पण इंग्रजी कधी येणार?" मी खोटी आशा दाखवली नाही. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलं की नवी भाषा बोलण्यापुरती यायला मुलांना साधारण दोन वर्षं लागतात, पण त्या भाषेत अभ्यास करण्याइतकी यायला पाच ते सात. तीही चहूकडे इंग्रजी ऐकू येणाऱ्या देशात. आपल्याकडे ती शाळेच्या वेळापुरतीच भेटते. तिसरीत तो मागे दिसतो, याचं आश्चर्य नाही. पहिल्या भाषेत पक्कं झालेलं आकलन दुसरीत उपयोगी पडतं, हेही कमिन्स यांचंच म्हणणं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. खासगी इंग्रजी शाळा हे करत नाहीत, त्यामुळे ते काम घरावर येतं.

आजीला आम्ही पुन्हा बोलतं केलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री बघितलेल्या गिरण्यांच्या झांक्यांचं, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांचं, वर्णन त्यानं तिला करायचं, तिनं मध्ये "मग काय झालं? असं का?" विचारत राहायचं. इंदूरच्या मराठी मुलांची एक फार मोठी सोय अशी की हिंदीमुळे देवनागरी त्यांना येतेच. 'ळ' ओळखला आणि 'च', 'ज' चे दोन उच्चार कानावर पडले की मराठी गोष्टीचं पुस्तक उघडता येतं. हा मुलगा लवकरच आजीला वाचून दाखवायला लागला. इंग्रजीसाठी एकच पातळ चित्रकथा, तीच पुन्हा पुन्हा, वाचायची आईनं. धडा वर्गात व्हायच्या आदल्या दिवशी घरी त्यावर मराठीत गप्पा, आणि त्यातले चार-पाच इंग्रजी शब्द.

शिक्षिकेला भेटले तेव्हा कळलं, तिलाही मुलाची काळजीच होती. वर्ग मोठा, वेळ कमी. लिहिण्याआधी शेजारच्या मुलाशी दोन मिनिटं हिंदीत बोलू द्या, एवढंच मी सुचवलं. तिनं ते सगळ्या वर्गासाठी सुरू केलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

वर्षअखेरीस तो वर्गात हात वर करायला लागला होता. स्पेलिंग अजून कच्चं आहे, लेखी उत्तरं तोकडी आहेत, आणि ती आणखी काही वर्षं तशीच राहतील हे आईला माहीत आहे. त्याची धाकटी बहीण यंदा नर्सरीत जातेय. तिच्याशी कोणत्या भाषेत बोलू, असं आईनं विचारलं. मराठीत, मी म्हटलं, आणि डायरीत पुन्हा तसं लिहून आलं तर मला फोन करा, मी शाळेत येऊन बोलेन.