रथाच्या दोरीला कोणता शर्ट?

चैत्र लागला की या सदरात येणारी पत्रं निम्मी तरी घामाची असतात. यंदा त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली, कारण त्यात माझीही एक जुनी चूक अडकलेली आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की नाशिकच्या पंचवटीतलं सासऱ्यांचं जेंट्स टेलरिंगचं दुकान गेली २६ वर्षं मी चालवते. फॅशनचं मला फार कळत नाही. कापडाचं थोडं कळतं.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहतो. वय ४४, अंगानं भरलेला. दर वर्षी रामनवमीला काळारामाच्या रांगेत आणि दोन दिवसांनी एकादशीला रामाचा रथ ओढायला दोरीला असतो. दुपारी घर सोडलं की परतायला मध्यरात्र होते. गेल्या वर्षी 'प्रीमियम कॉटन, ब्रीदेबल' म्हणून १,९०० रुपयांचा शर्ट घेतला. संध्याकाळी तो पाठीला असा चिकटला की मित्रानं मागून धरून सोडवला. लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. आता लिनन घ्यावं की खादी? हजार-बाराशेत बसवायचं आहे.

उत्तर : दादा, फोटो पाठवलात ते बरं केलंत. गळ्याच्या मोठ्या लेबलवर 'कॉटन' लिहिलंय. पण कुशीतल्या शिवणीत जी धुण्याच्या चिन्हांची पट्टी असते, तिच्यावर बारीक अक्षरांत ६० टक्के कॉटन, ४० टक्के पॉलिस्टर असं आहे. शर्ट घेताना आधी ती पट्टी वाचायची, गळ्याचं लेबल दुकानदाराच्या समाधानासाठी असतं. सुती कापड साध्या हवेतली ओलसुद्धा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून घाम त्या ४० टक्क्यांत शिरत नाही, तो अंग आणि कापड यांच्यामध्येच राहतो.

पण सगळा दोष पॉलिस्टरवर टाकून मोकळे होऊ नका. शंभर टक्के सुती शर्टही तुम्हाला तसाच छळू शकतो. जीन्सचं कापडही सुतीच असतं की! विणकर ताणा-बाणा किती दाबून बसवतो, त्यावर हवा आत-बाहेर करते की नाही हे ठरतं. हल्ली चकचकीत शर्टिंग येतं, हाताला रेशमासारखं लागतं, त्याचं सूत बारीक आणि वीण घट्ट असते. ऑफिसात एसीखाली ते छान. रथाला नको.

दुकानात ओळखायचं कसं? माझी रीत सांगते. कापडाचा एकच पदर तोंडाला लावायचा, मागे चार बोटांवर तळहात धरायचा आणि फुंकर मारायची. हाताला वारा लागला तर कापड घ्यायचं. ओठांशीच अडकला तर ठेवून द्यायचं. मग तोच पदर दारातल्या उजेडाकडे धरायचा. बारीक बारीक चौकोनी भोकांतून उजेड यायला हवा, पण पलीकडचा माणूस ओळखू यायला नको. माणूस ओळखू आला तर ती मलमल झाली. ती उपरण्याला चांगली, दोरी ओढताना खांद्यावर टरकन फाटते. काही दुकानदार तुमच्याकडे विचित्र बघतील. बघू द्या, पैसे तुमचे आहेत. मात्र नव्या कापडात खळ (कांजी) असते, ती भोकं बुजवते. म्हणून फुंकर थोडी अडली तरी एकदम नाही म्हणू नका, कोपरा दोन बोटांत चोळून पुन्हा फुंका.

आता माझी चूक. बरीच वर्षं झाली. एका मंडळाच्या लेझीम पथकाचे ४२ सदरे शिवायचे होते. कापड एका ठोक व्यापाऱ्याकडून आलं, 'प्युअर कॉटन, वहिनी, डोळे मिटून घ्या,' म्हणाला. मी खरंच डोळे मिटले. वर शहाणपणा म्हणून गळपट्टीत जाड बकरम घातलं, सदरे ताठ दिसावेत म्हणून. रथाच्या दिवशी सात वाजता पोरं दुकानासमोरून गेली, तेव्हा अर्ध्यांनी सदरे काढून कमरेला बांधले होते आणि बनियनवर नाचत होती. रात्री सासऱ्यांनी उरलेल्या तुकड्यातून एक धागा उपसला, चिमट्यात धरून काडी लावली. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो, आणि मागे मऊ राख उरते. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. ती गार झाल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येक ताग्याचा एक धागा मी जाळते, ओळखीच्या माणसाकडचा असला तर दोन.

त्या बकरमचंही ऐका. तयार शर्टाचा गळा, मनगटपट्ट्या आणि बटणपट्टी आतून चिकटवलेल्या असतात. त्या डिंकाच्या थरातून वारा फारसा जात नाही. शिवाय खांद्यावरच्या योकला दोन पदर असतात, खिशाखाली दोन, म्हणजे जिथे घाम जास्त येतो तिथेच कापडही जास्त. शिवून घेणार असाल तर शिंप्याला सांगा की गळपट्टी नको, नुसती बंदपट्टी (कॉलरशिवायची उभी पट्टी) कर, आत त्याच कापडाचा पदर घाल. योक एकपदरी, खिसा एकच. पाठीला मधोमध प्लीट. मुंढा (बाही जोडतात तो घेर) अर्धा इंच खाली उतरवायला सांगा. जुन्या सदऱ्याला बगलेत चौबगला असायचा, चौकोनी तुकडा, त्यामुळे हात वर केला तरी सदरा वर चढत नसे आणि बगलेत वारा खेळे. तो बसवणारे शिंपी कमी राहिलेत. मिळाला तर सोडू नका.

घेर छातीच्या मापापेक्षा सहा इंच तरी जास्त हवा. तुम्ही भरलेले आहात म्हणजे तुम्हाला कोणी तरी 'स्लिम फिटनं बारीक दिसाल' असं सांगितलं असणार. नाही दिसत.

लिननबद्दल विचारलंत. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. तो ताठ असतो, अंगापासून सुटा राहतो, पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडतोही. उन्हाळ्यासाठी फार गुणी कापड. पण खरं लिनन तुमच्या बजेटात कठीण, आणि बाजारात 'लिनन' म्हणून जे स्वस्त मिळतं ते बहुतेकदा गाठी दाखवलेलं मिश्र सूत असतं. त्यापेक्षा हातानं विणलेली खादी घ्या. हातानं कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं, त्यामुळे वीण सगळीकडे सारखी दाबून बसत नाही. तो वाकडेपणाच कामाचा. खरेदीत खादी मार्क बघा. ५८ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर तुम्हाला दोन मीटर लागेल, ३६चा असेल तर अडीच. शिवायला टाकण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा. खादी पहिल्या पाण्याला आटते. हे न करता शिवलेला शर्ट दुसऱ्या धुण्याला मुलाला द्यावा लागतो. पाण्यातून काढलं की खळही जाते. नंतर पुन्हा कांजी घालून कडक इस्त्री करू नका, केलेलं सगळं वाया जाईल.

बाही पूर्ण ठेवा. हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, चैत्रातली दुपार कोरडी. इथे घाम निघाला की उडून जातो, मुंबईसारखा अंगावर बसून राहत नाही. कोरड्या उन्हात उघड्या हातापेक्षा सैल बाहीतला हात सुखी असतो. दुसरं म्हणजे ओल्या पांढऱ्या पातळ सुती कापडातून ऊन कोरड्यापेक्षा जास्त आत येतं, म्हणून रांगेत अंगावर पाणी ओतून घेतलंत तर खांदे उपरण्यानं झाका. रंग पांढराच हवा असं नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुईन काळे झगे घालतात. १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तर त्या सैल झग्यांत काळ्या-पांढऱ्यानं अंगाला लागणाऱ्या उष्णतेत फरक पडला नाही. झगा सैल होता म्हणून हं! अंगाबरोबर बसणारा काळा शर्ट घालून माझं नाव सांगू नका.

बनियन? सँडो घाला, तीही सुती. बाह्यांची नको. आणि पिशवीत एक कोरडा सदरा ठेवा. रथासमोर मानाचे पुजारी बुवा रथाकडे तोंड करून उलटे चालत असतात तेव्हा तुमचं लक्ष शर्टाकडे जाणार नाही, मला माहीत आहे. पण नंतर घाटावर वारा सुटतो, तेव्हा ओली पाठ घेऊन बसू नका.

प्रश्न : आमचा २२ वर्षांचा नातू मित्रांबरोबर चैत्रोत्सवाला सप्तशृंगी गडावर पायी जाणार आहे. त्याला तो ड्राय-फिट टी-शर्ट हवा. मी म्हणते सुतीच घाल. कोणाचं बरोबर? (आजी, मखमलाबाद)

उत्तर : आजी, या वेळी नातवाचं. वर मी पॉलिस्टरला एवढं बोलले, पण ड्राय-फिट पॉलिस्टरच असलं तरी ते कापड सैल जाळीदार विणीचं असतं. ते घाम पसरवतं आणि लवकर सुकतं. नाशिकहून गड ६० किलोमीटरच्या आसपास, एका दमाचं चालणं नाही. सुती टी-शर्ट भिजला की जड होतो, आणि पहाटे कुठे टेकले की तोच अंगावर गार पडतो. चालताना खांद्यावर पिशवीचा पट्टा आणि बगलेतली शिवण घासते, घामाचं मीठ साचलं की सोलवटतं. म्हणून आतून शिवण हातानं तपासून घ्यावी आणि बगलेत, मांडीत व्हॅसलीन लावावं.

पण तुमचंही थोडं बरोबर आहे. ड्राय-फिटला दुसऱ्या दिवशी जो वास मारतो तो साबणानं सहजासहजी जात नाही, आणि विस्तवाजवळ ते कापड धोक्याचं, वितळून कातडीला चिकटतं. वाटेत भंडाऱ्याच्या चुलीशी वाढायला उभा राहणार असेल, आरतीत कापूर हातात घेणार असेल, तर तेव्हा अंगात सुती हवं. एक सुती सदरा पिशवीत द्या. तुमच्या हातानं घडी घातलेला असेल तर घालेलही.

प्रश्न : यजमानांच्या पांढऱ्या शर्टांना बगलेत पिवळे डाग पडतात. ब्लीच केलं तर आणखी पिवळे झाले. (गंगापूर रोड)

उत्तर : ब्लीच बंद. हे डाग बहुतेकदा नुसत्या घामाचे नसतात. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम मिळून कापडात बसतात. धुण्याआधी पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं-निम्मं करून अर्धा तास डाग भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. डाग गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं तो पक्का होतो. आणि रोल-ऑन वाळल्यावर शर्ट घालायला सांगा. ऐकणार नाहीत, पण सांगा.

प्रश्न : रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (जमिनीतल्या रंगाच्या हौदात) धप्पा मारला. अंगात लग्नातला पांढरा सुती कुर्ता होता, तो पार पिवळा झाला. सहा वेळा धुतला. रंग निघेल का? नाही तर फेकून देऊ? (वय २९, जुने नाशिक)

उत्तर : लग्नातला कुर्ता घालून रहाडीत कोणी उतरतं का रे बाबा? फुलं उकळून केलेला रंग सुताला एकदा धरला की सहा काय, सोळा धुण्यांतही पूर्ण निघत नाही. फिका होत जाईल.

पण फेकू नकोस. सहा धुण्यांनी त्याची सगळी खळ गेली असेल, सूत मऊ पडलं असेल, वीण सैल झाली असेल. वर सिडकोच्या दादांना जे कापड शोधायला मी दुकानोदुकानी फुंकर मारायला लावतेय, ते तुझ्याकडे आयतं आहे. एकादशीला तोच घाल. लग्नातला म्हणजे त्याला ताठ गळा असणार आणि छातीला अस्तर. दोन्ही उसवून घे, दहा मिनिटांचं काम आहे. दुकानी आलास तर मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. फक्त एकादशीच्या दिवशी येऊ नकोस, त्या दिवशी दुपारनंतर दुकान बंद असतं. मीही रथालाच असते.