काजूसाठी अनोळखी व्यापाऱ्यांना मेल पाठवले, पण एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

वेंगुर्ल्याजवळ तुमचं काजूप्रक्रियेचं छोटं युनिट आहे. पुण्या-मुंबईच्या साठेक दुकानदारांना एकच मेल बीसीसीत (एकमेकांचे पत्ते न दिसणाऱ्या यादीत) टाकून, माहितीपत्रकाची पीडीएफ जोडून पाठवलात, आणि सगळीकडे सामसूम.

बीसीसी आणि जड पीडीएफ, दोन्ही पहिल्या मेलात नकोत. स्पॅममध्ये जायला तेवढं पुरतं. मेल स्वतःच्या डोमेनवरून जात असेल तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सेटिंग) लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यातलं निदान एक तरी मागतंच. दिवसाला दहा-पंधराच मेल, प्रत्येकाला वेगळा.

पण माझा संशय मजकुरावर जास्त आहे. 'कोकणच्या लाल मातीतला अस्सल काजू' असं सगळेच लिहितात. व्यापारी बघतो ग्रेड, पॅकिंग, पोच भाव (माल दुकानापर्यंत पोचवून पडणारा भाव). शिवाय गिऱ्हाईक ओळखा. काजूकतलीवाल्याला अख्खा २४० ग्रेडचा (पौंडाला २४० पर्यंत भरणारा, म्हणजे मोठा) गर कशाला? त्याला तो दळायचाच असतो; पाकळी (उभा दुभंगलेला गर) किंवा तुकड्याचा भाव द्या. अख्खा मोठा गर गिफ्ट बॉक्सवाल्यांना, तोही दिवाळीच्या दोन-अडीच महिने आधी.

मिठाईवाल्यासाठी असं लिहा:

विषय: काजू पाकळी, १० किलो डबा, पुणे पोच. नमुना पाठवू?

'नमस्कार. तुमच्याकडे काजूकतली होते म्हणून लिहितोय. वेंगुर्ल्यात आमचं युनिट आहे. पाकळी, ओलावा ५ टक्क्यांच्या आत, महिन्याला २०० किलोपर्यंत देऊ. पुणे पोच भाव किलोला अमुक, जीएसटी वेगळा, १५ तारखेपर्यंत हाच. पाव किलो नमुना कुठल्या पत्त्यावर पाठवू?'

खाली नाव, मोबाईल, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर. बस्स. मागणं एकच, नमुन्यासाठी पत्ता. 'भेटायची वेळ द्या, ऑर्डर द्या, वेबसाइट बघा' असं तिन्ही मागितलंत तर एकही मिळत नाही.

ग्रेड लिहिताना हात आखडता ठेवा. ३२० म्हणजे पौंडाला, साधारण ४५४ ग्रॅमला, ३०० ते ३२० गर. व्यापारी नमुना मोजून बघतो. भौगोलिक मानांकनाचा उल्लेखही अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तरच.

उत्तर नाही आलं तर पाच-सहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी: दिलेली तारीख उलटली असेल तर नवा भाव, आणि किती माल शिल्लक. 'माझा मेल बघितलात का?' हे नको. तरीही गप्पच असेल तर दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअॅप करा. बऱ्याच मिठाईवाल्यांकडे मेल उघडणारा माणूसच नसतो. नाहीतर पुढच्या हंगामात नवी बी आली की नव्या भावाने लिहा.