सोलापुरातल्या शाळेत मानसिक आरोग्याचं शिक्षण कुठून सुरू करावं?

भाषणाने तरी करू नका. हॉलमध्ये तीनशे पोरं बसवून पाहुण्यांनी तासभर ‘ताण घेऊ नका’ सांगितलं की पोरं फक्त घंटेची वाट बघतात.

आधी शिक्षकांना शिकवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक तृतीयांश मानसिक त्रास वयाच्या 14 वर्षांच्या आत सुरू होतात, म्हणजे आपली आठवी-नववी. बोलकं पोरगं पंधरा दिवस गप्प आहे, डबा तसाच परत जातोय, दर सोमवारी पोट दुखतंय, तर ‘नाटकं करतंय’ म्हणायच्या आधी त्याला बाजूला घेऊन विचारता आलं पाहिजे. रोगाचं नाव ठरवणं हे शिक्षकाचं काम नाही, ते डॉक्टरांचं.

पूर्व भागात शाळा असेल तर अजून एक. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि मनातलं दुखणं माणूस घरच्याच भाषेत बोलतो. पालकसभेला तेलुगू बोलणारं कुणीतरी हवंच. वेळही आयांना विचारून ठरवा. विड्या वळायचं काम सोडून दुपारी कोण येणार? कुणी आधी देवऋषीकडे जाऊन आलं असेल तर हिणवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला काही सांगणारच नाहीत. डॉक्टरांकडेही जा, एवढंच म्हणा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर वेळापत्रकाशेजारी लावा. 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मात्र लावू नका, तिथे पोरं जातच नाहीत.